संचालन प्रणालीचे सदोष अद्यतन

संगणकाच्या संचालन प्रणालीत, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, सुधारणा करण्यासाठी पाठवलेला बदल जेव्हा अर्धवट बसतो, बसवण्यास नकार देतो किंवा बसल्यानंतर चालू संगणकच बंद पाडतो, तेव्हा त्यास सदोष अद्यतन किंवा फसलेले अपडेट असे म्हटले जाते. असा बिघाड विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस यांपैकी कोणत्याही प्रणालीत होऊ शकतो. बिघाडावरील उपाय अनेकदा साधा असतो. एखादी संचिका काढून टाकणे, थोडी जागा मोकळी करणे किंवा जुना ड्रायव्हर परत बसवणे एवढ्यावर काम भागते. मात्र त्या उपायापर्यंत पोहोचण्यात तासन्‌तास, प्रसंगी कित्येक दिवस खर्ची पडतात. पडद्यावर दिसतो तो बिघाडाचा परिणाम, कारण नव्हे. आणि या दोहोंमधील अंतर हेच वापरकर्त्यांच्या वैतागाचे मूळ आहे.

पार्श्वभूमी

संचालन प्रणाली पूर्वी फ्लॉपी किंवा सीडीवर विकत मिळे आणि पुढील आवृत्ती येईपर्यंत ती बहुधा जशीच्या तशी राही. इंटरनेटच्या प्रसारानंतर हे चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ सोबत ‘विंडोज अपडेट’ ही सेवा सुरू केली. ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षाविषयक दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची प्रथा कंपनीने पाडली. या दिवसाला संगणक क्षेत्रात ‘पॅच ट्यूसडे’ म्हणतात. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अद्यतने आपोआप बसू लागली व ती नाकारण्याची सोय जवळपास उरली नाही. २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून घरगुती वापरकर्त्यांना अद्यतने एका वेळी सात दिवस, याप्रमाणे कमाल ३५ दिवस थांबवून ठेवण्याची मुभा मिळाली.

लिनक्सवर आधारित प्रणालींमध्ये हे काम ‘पॅकेज मॅनेजर’ करतो. तेथे कोणता घटक केव्हा बदलायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला तुलनेने अधिक असते. त्याचबरोबर चुकीची जबाबदारीही अधिक प्रमाणात त्याच्याकडे येते.

अद्यतनाची प्रक्रिया

अद्यतन वरकरणी एकच कृती भासत असले तरी त्यात अनेक टप्पे असतात. प्रथम नव्या संचिका उतरवून घेतल्या जातात. त्या मूळ निर्मात्याकडूनच आल्या आहेत याची खात्री अंकीय स्वाक्षरीवरून केली जाते. मग त्या तात्पुरत्या जागी ठेवल्या जातात, कारण प्रणाली चालू असताना तिच्या वापरातील अनेक संचिका बदलता येत नाहीत. संगणक पुन्हा सुरू होताना जुन्या संचिकांच्या जागी नव्या बसतात, नोंदी बदलतात आणि शेवटी जुने अवशेष काढले जातात. राहत्या घराचा पाया बदलण्यासारखेच हे काम असते: घरातील माणसांना काही काळ बाहेर थांबावे लागते आणि काम अर्ध्यावर थांबले तर घर जुनेही राहत नाही, नवेही होत नाही.

या काळात पडद्यावर दिसणारी टक्केवारी पूर्ण झालेल्या टप्प्यांची असते, उरलेल्या वेळेची नव्हे. त्यामुळे आकडा बराच वेळ एकाच जागी थांबला म्हणजे काम बंद पडले असे नसते. अशा वेळी धीर सुटून संगणकाची कळ दाबून तो बंद केल्यास, न झालेला बिघाड प्रत्यक्षात घडू शकतो.

बिघाडाची कारणे

अद्यतन फसण्याची कारणे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतात.

जागेची कमतरता: नव्या व जुन्या संचिका काही काळ एकत्र ठेवाव्या लागत असल्याने अद्यतनास त्याच्या अंतिम आकारापेक्षा अधिक जागा लागते.

खंडित वीज किंवा इंटरनेट: संचिका बदलत असताना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट अवस्थेत अडकते. भारनियमन असलेल्या भागात, विशेषतः बॅटरी किंवा यूपीएस नसलेल्या मेजावरील संगणकांना, हा धोका अधिक असतो.

ड्रायव्हरची विसंगती: छपाईयंत्र, ध्वनी, चित्रपट्टिका अशा भागांना प्रणालीशी जोडणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नव्या आवृत्तीशी जुळेनासा होतो.

आधीच असलेला दोष: हार्ड डिस्कचा खराब भाग, पूर्वीच बिघडलेल्या संचिका किंवा लपून बसलेली घातक आज्ञावली अद्यतनाच्या वेळी उघडकीस येते.

अद्यतनातीलच चूक: चाचणीत न सापडलेला दोष घेऊनच बदल वितरित होतो.

शेवटचे कारण वगळता इतर सर्व कारणांत दोष संगणकागणिक वेगळा असतो. म्हणूनच एकच अद्यतन शेजारच्या संगणकावर निर्वेध बसते आणि आपल्या संगणकावर फसते.

उल्लेखनीय घटना

फेब्रुवारी २०१०: विंडोज एक्सपीसाठी आलेल्या एका सुरक्षा अद्यतनानंतर अनेक संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर थांबू लागले. प्रथमदर्शनी दोष अद्यतनाचा वाटला. तपासाअंती असे आढळले की या संगणकांत ‘अल्युरिऑन’ नावाचे रूटकिट आधीपासून दडलेले होते. प्रणालीच्या गाभ्यातील काही पत्ते कायम तेच राहतील असे ते गृहीत धरत होते. अद्यतनाने ते पत्ते बदलताच संगणक कोसळू लागला. काही दिवसांतच रूटकिटच्या कर्त्यांनी आपल्या आज्ञावलीत सुधारणा केली. मायक्रोसॉफ्टने हे अद्यतन मार्चमध्ये पुन्हा दिले, तेव्हा त्यात अशा संसर्गाची पूर्वतपासणी समाविष्ट होती.

सप्टेंबर २०१४: ॲपलने आयओएस ८.०.१ हे अद्यतन वितरित केल्यावर आयफोन ६ व ६ प्लस या नव्या दूरध्वनींची मोबाइल सेवा आणि बोटाच्या ठशाची ओळख बंद पडली. कंपनीने ते साधारण तासाभरात मागे घेतले.

जानेवारी २०१८: प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या त्रुटींवर घाईने दिलेल्या दुरुस्तीमुळे एएमडीचे जुने प्रोसेसर असलेले काही विंडोज संगणक सुरूच होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टला त्या संगणकांसाठी वितरण थांबवावे लागले.

ऑक्टोबर २०१८: विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर रोजी आली आणि काही दिवसांतच तिचे वितरण थांबवण्यात आले. ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘पिक्चर्स’ यांसारखे फोल्डर ज्यांनी मूळ जागेवरून दुसरीकडे वळवले होते, अशा काही वापरकर्त्यांच्या जुन्या जागी राहिलेल्या संचिका या आवृत्तीने पुसून टाकल्या. रिकामे, दुबार फोल्डर काढण्याचा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात भरलेले फोल्डरही गेले. मागील आवृत्तीवर परतल्यानेही त्या संचिका परत येत नव्हत्या. काही वापरकर्त्यांनी चाचणीच्या काळातच ही तक्रार नोंदवली होती, पण इतर तक्रारींच्या ढिगात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार नोंदवतानाच तिचे गांभीर्य सांगण्याची सोय केली. सुधारित आवृत्ती १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा देण्यात आली.

जुलै २०२४: १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ आज्ञावलीसाठी पाठवलेल्या एका संचिकेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. हे संचालन प्रणालीचे अद्यतन नव्हते. परंतु ही आज्ञावली प्रणालीच्या गाभ्यात चालत असल्याने तिच्या चुकीने संपूर्ण संगणक कोसळला. नव्या रचनेत २१ माहितीघटक अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते, अशी ही चूक होती. भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठवलेली संचिका कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, परंतु तोवर कोसळलेल्या संगणकांपैकी बहुतेकांना ती दुरुस्ती इंटरनेटवरून मिळू शकत नव्हती, कारण ते सुरूच होत नव्हते. प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, एक संचिका हाताने पुसावी लागली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास त्यासाठी ४८ अंकी किल्लीही आवश्यक होती. भारतात मुंबईसह अनेक विमानतळांवरील सेवा विस्कळीत झाली आणि काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने त्याच दिवशी यासंबंधी सूचना प्रसृत केली.

ऑगस्ट २०२४: विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर, एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही बाळगणाऱ्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. जुने, असुरक्षित आरंभक नाकारण्यासाठी केलेला बदल अशा दुहेरी यंत्रांना लागू होणार नाही असे अपेक्षित होते. काही यंत्रांवरील दुहेरी मांडणी मात्र अद्यतनाला ओळखता आली नाही.

निदान जिकिरीचे का ठरते

बिघाड आणि त्याची सूचना यांतील अंतराचे बोलके उदाहरण जानेवारी २०२४ मध्ये दिसले. विंडोज १० साठी आलेले एक सुरक्षा अद्यतन असंख्य संगणकांवर ‘०एक्स८००७०६४३’ हा संकेतांक दाखवून फसत होते. या संकेतांकाचा अर्थ केवळ ‘स्थापनेच्या वेळी गंभीर दोष आला’ एवढाच आहे. खरे कारण निराळे होते. संगणक बिघडल्यास उपयोगी पडणारी पुनर्प्राप्ती व्यवस्था डिस्कच्या एका छोट्या, सहसा न दिसणाऱ्या विभागात ठेवलेली असते. अद्यतनासाठी त्या विभागात २५० मेगाबाइट जागा मोकळी असणे आवश्यक होते व अनेक संगणकांवर ती नव्हती. जागा अपुरी असल्याचा योग्य संदेश दाखवण्याऐवजी प्रणाली चुकीचा संकेतांक दाखवत होती, हे मायक्रोसॉफ्टनेच नंतर स्पष्ट केले. मुख्य डिस्कवर भरपूर जागा रिकामी असलेला वापरकर्ता जागेची शंका घेणे शक्यच नव्हते. उपाय म्हणून डिस्कच्या विभागांचा आकार आज्ञांच्या साह्याने हाताने बदलावा, असे सुचवण्यात आले. या कामात एखादी आज्ञा चुकल्यास सर्व माहिती गमावण्याचा धोका असल्याने सामान्य वापरकर्त्यासाठी तो रोगापेक्षा औषध जालीम असा प्रकार ठरला.

निदान अवघड करणारी इतरही कारणे आहेत. एकच संकेतांक अनेक भिन्न कारणांसाठी दाखवला जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर संगणक पुन्हा सुरू करून वाट पाहावी लागते, त्यामुळे चार शक्यता तपासण्यात अर्धा दिवस जातो. काढून टाकलेले अद्यतन थांबवून ठेवले नाही तर ते पुन्हा आपोआप बसते आणि तोच बिघाड परत उद्भवतो. इंटरनेटवर सापडणारा सल्ला बऱ्याचदा निराळ्या आवृत्तीसाठी किंवा निराळ्या कारणासाठी दिलेला असतो. घाईने पाच-सहा उपाय एकदम केल्यास संगणक सुरू झाला तरी नेमका गुण कशाने आला हे कळत नाही. उलट त्यातील एखाद्या उपायाने नवाच दोष निर्माण झालेला असू शकतो.

मराठी वापरकर्त्यासमोर भाषेची अडचणही असते. विंडोजचा दर्शनी भाग मराठीत वापरता येतो, परंतु बिघाडासंबंधीची तपशीलवार माहिती प्रामुख्याने इंग्रजीत उपलब्ध आहे. त्यामुळे शोध घेताना भाषांतरित संदेशापेक्षा संकेतांकाचा उपयोग अधिक होतो, कारण तो सर्व भाषांत सारखाच राहतो. या अगतिकतेचा गैरफायदा घेणारेही असतात. स्वतःला तांत्रिक साहाय्य केंद्राचे कर्मचारी म्हणवून संगणकाचा दूरस्थ ताबा मागणारे दूरध्वनी आणि ‘एका कळीत दुरुस्ती’चे आश्वासन देणाऱ्या आज्ञावली हे फसवणुकीचे नेहमीचे मार्ग आहेत.

निदानाची पद्धत

बिघाडाचा शोध सौम्य उपायांकडून कठोर उपायांकडे नेणे आणि एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे.

प्रथम संकेतांक व अद्यतनाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून किंवा छायाचित्र काढून ठेवला जातो. संगणक सुरू होत असल्यास इतर कोणत्याही उपायाआधी महत्त्वाच्या संचिकांची प्रत बाहेरील डिस्कवर घेतली जाते. त्यानंतर अनावश्यक बाह्य उपकरणे काढणे, जागा मोकळी करणे आणि निर्मात्याच्या ‘ज्ञात अडचणीं’च्या यादीत तो क्रमांक शोधणे, ही कामे येतात. अद्यतन स्वतःच सदोष असेल, तर सुधारित आवृत्तीची प्रतीक्षा करणे हाच पुष्कळदा सर्वांत सुरक्षित उपाय असतो.

विंडोजमध्ये प्रणालीच्या संचिका तपासण्यासाठी ‘एसएफसी’ आणि ‘डिझम’ अशी दोन साधने आहेत. ‘एसएफसी’ बिघडलेल्या संचिकेच्या जागी संगणकातीलच राखीव साठ्यातील प्रत बसवते, तर ‘डिझम’ तो राखीव साठाच दुरुस्त करते. साठाच दूषित असल्यास त्यातील प्रत घेऊन उपयोग नसतो. म्हणून ‘डिझम’ आधी व ‘एसएफसी’ नंतर, असा क्रम पाळला जातो.

संगणक सुरू होत नसल्यास पुनर्प्राप्ती व्यवस्थेतून सेफ मोडमध्ये जाता येते किंवा शेवटचे अद्यतन काढता येते. सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालू होतात. त्यामुळे संगणक तेथे नीट चालला, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा बाहेरून बसवलेल्या आज्ञावलीत असल्याचा निष्कर्ष निघतो. विंडोज १० मध्ये मोठ्या आवृत्तीबदलानंतर मागील आवृत्तीवर परतण्याची सोय प्रारंभी ३० दिवस होती. २०१६ मध्ये ती मुदत दहा दिवसांवर आणण्यात आली. याउपर संचिका कायम ठेवून प्रणाली नव्याने बसवणे आणि शेवटी सर्व काही पुसून आरंभ करणे, हे पर्याय उरतात.

उबंटूसारख्या लिनक्स प्रणालीत जुना कर्नल सहसा राखून ठेवलेला असतो आणि संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून तो निवडता येतो. नवा कर्नल फसला तरी जुन्याच्या आधारे संगणक चालू करून दुरुस्ती करणे त्यामुळे शक्य होते.

अद्यतने टाळण्याचे परिणाम

एकदा पोळलेला वापरकर्ता ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ या भावनेने सर्वच अद्यतने बंद करू पाहतो. याचे परिणाम २०१७ मध्ये दिसले. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्ये दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर याच त्रुटीच्या आधारे पसरले आणि दीडशेहून अधिक देशांतील संगणकांना त्याची बाधा झाली. दुरुस्ती दोन महिने उपलब्ध असूनही हे संगणक तिच्यावाचून राहिले होते. २७ जून रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने हीच त्रुटी व चोरलेले परवलीचे शब्द असे दोन्ही मार्ग वापरले. त्यामुळे नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. विशेष म्हणजे युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’चा प्रवेश एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या बनावट अद्यतनातूनच झाला होता. अद्यतन न घेणे आणि अद्यतनावर आंधळा विश्वास टाकणे, हे दोन्ही धोके या एकाच घटनेत एकत्र आले.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विस्तारित सुरक्षा योजनेत सहभागी नसलेल्या संगणकांना त्यानंतर नव्या त्रुटींवरील दुरुस्त्या मिळत नाहीत.

प्रतिबंधक उपाय

सदोष अद्यतनाची हानी मर्यादित ठेवण्यासाठी निर्माते काही उपाय योजतात. बदल सर्वांना एकदम न देता आधी थोड्या संगणकांना देऊन परिणाम पाहिला जातो. २०२४ च्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा संचिकांसाठी टप्प्याटप्प्याचे वितरण स्वीकारले. अँड्रॉइड ७.० पासून काही दूरध्वनींत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची रचना आली: एक प्रत वापरात असताना दुसरीवर अद्यतन बसते आणि नवी प्रत सुरू न झाल्यास दूरध्वनी जुन्या प्रतीवर परततो. क्रोमओएसमध्येही हेच तत्त्व वापरले जाते. ओपनसुसे या लिनक्स प्रणालीत बदलापूर्वीच्या अवस्थेची नोंद आपोआप घेतली जाते व आवश्यकतेनुसार त्या अवस्थेकडे मागे जाता येते.

वापरकर्त्याच्या पातळीवर काही सवयी उपयुक्त ठरतात: परीक्षा, देयके किंवा कार्यालयीन मुदती तोंडावर असताना मोठे आवृत्तीबदल न करणे, लॅपटॉप वीजपुरवठ्याला जोडून ठेवणे, पुनर्स्थापनेसाठी पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवणे, आणि बिटलॉकरची किल्ली त्याच संगणकात न ठेवता अन्यत्र लिहून ठेवणे. या सर्वांहून महत्त्वाची सवय म्हणजे महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर व त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी ठेवणे. संचालन प्रणाली कितीही वेळा नव्याने बसवता येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुसल्या गेलेल्या छायाचित्रांची व लेखनाची दुसरी प्रत ज्यांच्याकडे होती, त्यांचे नुकसान काही तासांच्या कष्टांपुरते राहिले; ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांना पुसलेल्या संचिका शोधून काढणाऱ्या साधनांच्या अनिश्चित यशावरच विसंबून राहावे लागले.